वारा नसतानाही लीडरला निरगाठ का बसते?

सकाळी फ्लाय फिशिंगच्या लाइनला नवा लीडर, म्हणजे तिच्या टोकाला लावायचा निमुळता धागा, बांधला. ९ फुटी, टोकाला ५एक्स जाडीचं टिपेट, म्हणजे शेवटचा सर्वांत बारीक तुकडा. तासाभराने माशी (गळावर बांधलेली नकली माशी) बदलावी म्हणून लाइन आत घेतली, टिपेटवरून बोट फिरवलं, तर माशीपासून वीतभर अंतरावर एक निरगाठ. टाचणीच्या टोपीएवढी, पक्की आवळलेली. तेवढं कापलं, नवं टिपेट जोडलं. पाऊण तासाने पुन्हा दोन. पाण्यावर साधी लहर नाही, झाडाचं पान हलत नाही, आणि लीडरला मात्र कोणीतरी बसून गाठी मारल्यासारखं.

फ्लाय फिशिंग करणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं कधी ना कधी जडतं, आणि बरं झालंसं वाटेपर्यंत पुन्हा उलटतं. या गाठीला म्हणतात ‘विंड नॉट’. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने आपल्यावर उपकारच केले म्हणायचे. खापर फोडायला कायमचा वारा मिळाला. मीही तीन हंगाम वाऱ्यालाच बोल लावला. नाचता येईना, अंगण वाकडं. गाठ मारतो तो आपलाच हात, आणि बहुतेक वेळा एका ठरावीक क्षणी मारतो: मासा नेहमीपेक्षा थोडा लांब दिसतो आणि आपण जोर लावतो तेव्हा.

आधी गुंता कोणता ते बघा

सगळे गुंते एका जातीचे नसतात, आणि चुकीच्या गुंत्यावर उपाय करत बसलात तर दिवस जातो. टिपेट किंवा लीडरवर एकच सुटी, घट्ट निरगाठ असेल तर हा लेख तिच्यासाठी आहे. टिपेट पीळ पडून दोरखंडासारखं स्वतःभोवती गुंडाळलं गेलं असेल, सैल सोडल्यावर भोवऱ्यासारखं फिरत असेल, तर तो पीळ माशी हवेत गरगर फिरल्यामुळे पडलेला असतो; त्याचं कारण वेगळं, ते पुढे येईल. सगळा लीडर पाण्यावर ढीग होऊन पडत असेल आणि त्यात माशी अडकत असेल, तर तुमची कास्ट, म्हणजे लाइनची हवेतली फेक, पूर्ण उलगडतच नाहीये. आणि पुढे आणताना चाबकासारखा ‘फट्ट’ आवाज होऊन माशीच गायब होत असेल, तर मागची लाइन उलगडायच्या आत तुम्ही पुढे निघालात. हे चौघे एका घरातले आहेत, पण स्वभाव निरनिराळे.

निरगाठीकडे काणाडोळा करू नये, याचं कारण मला एका ट्राउटने शिकवलं. पलीकडच्या काठाखाली, फांदीच्या सावलीत तो दर दीड-दोन मिनिटांनी नाक वर काढत होता. पाचव्या कास्टला त्याने माशी घेतली, रॉड वाकला, दोन सेकंद वजन जाणवलं आणि लाइन एकदम हलकी झाली. टिपेटचं टोक नखावर धरून पाहिलं. माशीची गाठ सरकून सुटली असती तर टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असतं. इथे ते वेटोळं नव्हतं. टिपेट मध्येच तुटलेलं, आणि तुटल्या जागी चिमटा बसल्यासारखा बारीक बाक. निरगाठ होती तिथेच तुटलं होतं. ५एक्स म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा. त्यात निरगाठ आवळली की धागा स्वतःलाच कापतो आणि ताकदीचा मोठा हिस्सा, कित्येकदा निम्मा, तिथेच संपतो. मासा हातचा जातोच, वर तोंडात माशी घेऊन जातो, हे मला अजून टोचतं.

गाठ हवेत कशी बसते

लाइन रॉडच्या टोकामागे जाते. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तर बाकीचं आपोआप उलगडतं. कास्ट करताना हवेत लाइनचा जो वळसा, म्हणजे लूप, दिसतो त्याला दोन पदर असतात: वरचा माशीकडे जाणारा, खालचा रॉडच्या टोकाकडून आलेला. रॉडचं टोक पुढे जाताना सरळ रेषेत गेलं तर हे दोन्ही पदर एकमेकांना समांतर, लूप अरुंद आणि देखणा. टोक कमानीसारखं वरून खाली गेलं तर लूप रुंद, ढगळ. अंतर जात नाही, पण गाठही बसत नाही. आणि टोकाचा मार्ग मध्ये झोळीसारखा खोलगट झाला, तर वरचा पदर खाली घसरतो, खालच्या पदराला ओलांडतो. याला टेलिंग लूप म्हणतात. माशी त्या फासातून गेली की निरगाठ तयार, आणि कास्ट संपताना बसणाऱ्या हिसक्याने ती आवळली जाते.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: टोकाच्या मार्गाची झोळी होते कशाने?

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण, सुरुवातीलाच मारलेला झटका. जोर एकदम लावला की रॉड मध्येच खोल वाकतो आणि टोक खाली येतं. एवढा जोर शेवटपर्यंत टिकवणं हाताला जमत नाही. जोर जरा सैलावला की रॉड थांबायच्या आधीच सरळ होऊ लागतो, टोक वर येतं. खाली गेलं, वर आलं: झाली झोळी. ओला रंगाचा ब्रश झटकून समोरच्या भिंतीवर थेंब उडवायचे असतील तर आपण काय करतो? हात हळू उचलतो, वेग वाढवत नेतो आणि खाडकन थांबतो. सुरुवातीला झटका दिला तर रंग आपल्याच डोक्यावर पडतो. कास्टही तशीच.

दुसरं कारण चोरटं आहे आणि स्वतःला अजिबात दिसत नाही. बॅक कास्टला (लाइन मागे फेकताना) रॉड मागे थांबवला, लाइन मागे उलगडतेय, आणि त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात हात आपल्या नकळत पुढे सरकतो. इंग्रजीत याला क्रीप म्हणतात. मी याला ‘हात रांगणं’ म्हणतो. लाइन पूर्ण उलगडेपर्यंत हाताचा अर्धा पल्ला वाया गेलेला असतो. उरलेल्या आखूड पल्ल्यात तीच लाइन पुढे न्यायची म्हणजे झटका आलाच. पहिल्या कारणाचा बाप बहुतेक वेळा हाच असतो.

तिसरं कारण लाइनच्या लांबीचं. ५ नंबरच्या लाइनचे (हा नंबर लाइनच्या वजनाचा) पहिले ३० फूट साधारण १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरतात. तेवढ्याला पुरेसा असलेला हाताचा पल्ला ४५ फूट लाइन हवेत असताना पुरत नाही. वजन वाढतं, रॉड जास्त वाकतो, आणि हात मात्र जुन्याच मापाने फिरतो. कास्टिंगची पाच मूलतत्त्वं बिल आणि जे गॅमेल यांनी मांडली आहेत, त्यांतली दोन नेमकी इथे लागू पडतात: लाइन वाढली की पल्ला वाढवा, आणि जोर योग्य मापात, योग्य जागी लावा. वाचायला साधं. पाण्यावर मासा दिसल्यावर पाचही तत्त्वं माणूस विसरतो, तो भाग वेगळा.

डबल हॉल करणाऱ्यांनी, म्हणजे मागे-पुढे दोन्ही कास्टला दुसऱ्या हाताने लाइन ओढणाऱ्यांनी, डाव्या हाताकडेही (डावखुऱ्यांनी उजव्या) लक्ष द्यावं. ओढ फार लवकर दिली तर तीही झटक्यासारखीच वागते. शूट करताना (हातातली जादा लाइन सोडून अंतर वाढवताना) लाइन रॉड थांबायच्या आत सोडली तरी टोकावरचा भार अचानक उतरतो आणि परिणाम तोच.

गवतावरची तपासणी

पाण्यावर हे दुखणं ओळखायला जाऊ नका. तिथे मासा असतो, आणि मासा असला की हात खरं बोलत नाही. मोकळं गवत शोधा, वर विजेच्या तारा नाहीत हे आधी मान वर करून बघा. माशीच्या जागी लोकरीचा चमकदार रंगाचा तुकडा बांधा, गळ नको. मग ३० फूट लाइन बाहेर काढा आणि रॉड उभा न धरता जमिनीला समांतर आडवा फिरवा, कमरेच्या उंचीवर. आता पुढचा आणि मागचा दोन्ही लूप डोळ्यांसमोर येतात, मान मोडायची गरज नाही. माझ्या सगळ्या प्रयोगांत या एका युक्तीने सर्वाधिक शिकवलं.

आडव्या कास्टमध्ये दोन पदर एकमेकांना ओलांडतात का ते बघा. ओलांडत नसतील तर पाच-पाच फूट लाइन वाढवा. कुठल्यातरी लांबीला पहिल्यांदा पदर ओलांडले जातील. ती लांबी लाइनवर पक्क्या शाईच्या खुणेने नोंदवा. मग मोबाइल तिपाईवर लावून बाजूने, स्लो मोशनमध्ये चित्रण करा. सेकंदाला २४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या. फक्त हाताकडे बघा, लूपकडे नको. बॅक कास्टला थांबल्यानंतर अंगठा जिथे थांबला त्या जागेवर पडद्यावर बोट ठेवा आणि पुढे चालवा. लाइन अजून मागे जातेय आणि अंगठा तुमच्या बोटाखालून पुढे निसटला? सापडला चोर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझा हात जवळजवळ वीतभर रांगत होता, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की तो जागचा हलत नाही.

हाताचे उपाय

हात रांगत असेल तर ‘रांगू नको’ असं त्याला सांगून उपयोग नाही. त्याला उलट दिशेचं काम द्यावं लागतं. बॅक कास्टला थांबल्यावर, लाइन मागे उलगडत असताना, हात तिच्यामागे चार बोटं मागे-वर जाऊ द्या. थांबा आधी, मग सरकणं. दोन्ही एकत्र केलंत तर लूप उघडतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. यामुळे पुढच्या कास्टला पल्ला आयता वाढून मिळतो, आणि एकाच वेळी दुसरं नि तिसरं दोन्ही कारणं मिटतात.

झटका असेल तर मुद्दाम वाईट कास्ट करून बघा. लाइन हवेत जेमतेम टिकेल एवढ्याच जोराने पाच-सहा कास्ट करा, अगदी लूप कोसळेपर्यंत जोर कमी करत न्या. मग कणभर वाढवा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण लागणारा जोर आपण लावत असतो त्याच्या मानाने फारच थोडा निघतो. तरीही जमत नसेल तर मुद्दाम टेलिंग लूप काढायचा सराव करा: सुरुवातीला जोरात, शेवटी हळू. तो हुकमी काढता आला की तो टाळताही येतो, कारण हाताला फरक कळलेला असतो.

आणि लांबचा मासा? शक्य असेल तर दोन पावलं जवळ जा. गंमत नाही, हा खरोखरचा उपाय आहे. ते शक्य नसेल तर मागे मान वळवून बॅक कास्ट बघा. पुढच्या कास्टची गडबड बहुतेक वेळा तिथेच सुरू झालेली असते. वेट-फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन असलेली) लाइन असेल तर जाड हेड संपून बारीक रनिंग लाइन टोकाबाहेर किती लोंबतेय तेही पाहा. ती फार बाहेर असेल तर तिला हेडचं वजन झेपत नाही आणि कितीही सुंदर हात असला तरी लाटा उठतात. हेड आत ओढा आणि उरलेलं अंतर शूट करून मिळवा.

हात निर्दोष निघाला तर

क्वचित असंही होतं. मग सामान बघा. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की टिपेटची जाडी हजाराव्या इंचात मिळते: ५एक्स म्हणजे ०.००६ इंच. माशीच्या (म्हणजे तिच्या गळाच्या) नंबरला ३ ने भागलं की साधारण कोणतं टिपेट शोभेल ते कळतं. १२ नंबरच्या माशीला ४एक्स. ६एक्सवर मोठी, पिसारेदार माशी बांधली तर ती हवेत भिरभिरते आणि मघाशी म्हटलेला पीळ पडतो. उपाय: टिपेट जाड आणि आखूड करा. पडलेला पीळ काढायचा तर माशी कापून टाका आणि नुसता लीडर वाहत्या पाण्यात थोडा वेळ सोडा, स्वतःच उलगडतो.

दोन माश्यांचा किंवा वजनदार मण्यांच्या निम्फचा (पाण्याखाली बुडणाऱ्या माशीचा) मामला पूर्ण वेगळा. तिथे अरुंद देखणा लूप हवाच कशाला? मागे जाताना रॉड आडवा, पुढे येताना उभा, न थांबता अंडाकृती फिरवा. याला बेल्जियन कास्ट म्हणतात. लाइनवरचा ताण कुठेच सुटत नाही, त्यामुळे दोन माश्या एकमेकींना भेटत नाहीत. दिसायला गबाळी, पण मी निम्फ लावले की दुसरी कास्ट करतच नाही.

प्रवासात गाठी जास्त का बसतात, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. लीडर आठवडाभर रिळावर गुंडाळलेला असतो, त्याची वेटोळी जात नाहीत. पहिल्या कास्टआधी तळहातांत धरून सावकाश ताणा. चार तुकड्यांच्या रॉडचे जोड दिवसभरात फिरून सैल होतात, कड्या एका रेषेत राहत नाहीत. जेवायच्या वेळी एकदा बघा. पण खरं कारण माणसाचं. दूरवर आलोय, दिवस मोजके आहेत, वाटाड्या म्हणतो ‘अजून दहा फूट’, आणि खांदा दमलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लीडरवर सर्वाधिक गाठी असतात. आता त्या वेळेला मी मुद्दाम जवळच्या पाण्यावर जातो.

गाठ बसली, आता?

दर दहा-बारा कास्टनंतर टिपेट दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघायची सवय लावा. डोळ्यांपेक्षा बोटं जास्त विश्वासू. गाठ सैल सापडली तर ताणू नका. गळाचं टोक किंवा सुई फासात घालून ती मोठी करा. पण आवळली गेली असेल तर सोडवण्याच्या फंदात पडू नका. सोडवलेल्या जागीही धागा चेपलेला राहतो. कापा, सर्जन्स नॉटने नवं टिपेट जोडा आणि ओढण्याआधी गाठ तोंडातल्या ओलाव्याने भिजवा, नाहीतर घासून तीच कमकुवत होते. लीडरच्या जाड बुडख्यात बसलेली गाठ मात्र मी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवतो. तिथे ताकद भरपूर शिल्लक असते.

हे सगळं काठावर येऊन करा. मांडीभर पाण्यात उभं राहून, मान खाली घालून, दोन्ही हात गुंतलेले, हा पडण्याचा नामी बेत आहे. पायाखालची वाळू-खडी प्रवाहाबरोबर सरकत असते आणि वर बघेपर्यंत आपण हातभर खाली आलेलो असतो. वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातले असतील तर कमरेचा पट्टा आवळलेला हवा, म्हणजे पडलात तरी आत पाणी भरायला वेळ लागतो. पडलातच तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि रॉडचा मोह सोडा.

टेलिंग लूपचा आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. माशी नेहमीपेक्षा खालून येते. म्हणजे ती रॉडवर आपटते किंवा आपल्यावर. मणी लावलेली निम्फ कार्बनच्या रॉडवर आदळली की केसाएवढी चीर पडते आणि रॉड महिन्याभराने एखाद्या लहानशा माशावर तुटतो. आपण कारखान्याला दोष देतो. आपल्यावर आदळली तर कान, मान किंवा डोळा. चष्मा आणि काठाची टोपी डोक्यावर असल्याशिवाय रॉड जोडायचाच नाही, आणि गळाचा काटा पकडीने चेपून ठेवायचा. वारा खरोखर असेल आणि तो रॉडच्या बाजूच्या खांद्यावर येत असेल, तर लाइन अंगावर ढकलली जाते. अशा वेळी रॉड डोक्यावरून दुसऱ्या खांद्याकडे झुकवून कास्ट करा, किंवा सरळ पाठ फिरवा आणि माशी बॅक कास्टनेच पाण्यावर ठेवा.

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर गाठ बघत बसू नका. कार्बन वीज वाहून नेतो आणि तुमच्या हातात ९ फुटांचा कार्बन आहे. रॉड खाली ठेवा, पाण्यातून बाहेर या, पक्क्या निवाऱ्याला जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परतू नका.

माझ्यापुरता एक नियम मी केला आहे. लागोपाठ दोन निरगाठी सापडल्या की रॉड झाडाला टेकवायचा, लाइनवरची ती शाईची खूण शोधायची आणि पुढचा अर्धा तास तिच्या आतल्याच अंतरावर मासे धरायचे. गेल्या हंगामात ती खूण मी दोनदा पुढे सरकवली.